एक टोला वर जाताना, दोन खाली आल्यावर

आधी एक कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढं वाचताना माझ्याबद्दल उगाच चांगलं मत व्हायला नको. या डोंगरावर मी निसर्ग बघायला गेलो नव्हतो. कुणालाही न सांगता दिवसभर गायब झालो तर कुणी विचारतं का, एवढंच मला बघायचं होतं.

वय वर्षं अठ्ठेचाळीस. वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, म्हणजे चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या कामात खोट काढण्याचा पगार घेतोय. मूळचे आम्ही पाचोडकडचे, शेती भाऊ बघतो. मी उस्मानपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटा राहतो. एकटा म्हणजे तसं काही झालेलं नाही. भांडण नाही, कोर्टकचेरी नाही. लेक सई बारावीच्या क्लाससाठी लातूरला गेली, तेव्हा बायको मंजू तिच्याबरोबर खोली घेऊन राहिली. आमच्याकडं हे घरोघरी चालतं, कुणाला नवल वाटत नाही. दोन वर्षांसाठी ठरलं होतं. मग सईला पुण्यात मेडिकलला ॲडमिशन मिळाली, मंजूला तिथंच एका दवाखान्यात रिसेप्शनवर नोकरी लागली, आणि ‘आता सईचं होऊ दे, मग बघू’ म्हणता म्हणता पाच वर्षं झाली. सुरुवातीला रोज फोन. मग एक दिवसाआड. मग कामापुरता, गॅस संपला का, लाइटबिल भरलं का. गेल्या दिवाळीनंतर तर मीही फोन करणं सोडलं. म्हटलं बघू या, आधी कोण करतं. दीड महिना झाला, कुणीच केला नाही. सई अधूनमधून एखादा हसरा चेहरा पाठवते, मी अंगठा पाठवतो.

आमच्या कारखान्यात कन्नडकडचा एक फिटर आहे. तो बरेच दिवस मागं लागला होता. “साहेब, आमच्याकडच्या डोंगरात कोनाकोनाचे दगडी खांब हायेत. आन् त्यातला एक पडेल खांब घंटीवानी वाजतो.” पडेल म्हणजे पडलेला. दगड वाजतो म्हटल्यावर माझे कान टवकारले. कारण आमच्या धंद्यातच हे आहे. ओतीव भाग हातात घ्यायचा, हातोडीनं टिचकी मारायची. धड असेल तर खणखणीत वाजतो. आत कुठं चीर असेल तर बद्द आवाज येतो, मग कितीही चकाचक दिसू द्या, तो बाजूला काढायचा.

डिसेंबरातला एक शनिवार होता. संध्याकाळी घरी आलो, वरणभाताचा कुकर लावला आणि ठरवलं, उद्या जायचं. कुणाला सांगायचं नाही. फिटरलासुद्धा नाही. बघू कोण विचारतं.

रविवारी पहाटे उठलो, फोनवर मेसेज आणि रस्ता एकदा बघून घेतला आणि साडेपाचला गाडी काढली. समोरचे काका दूध घ्यायला दारात उभे होते. ते ‘कुठं निघालात इतक्या सकाळी’ म्हणायच्या आत मी जिना उतरलो. खरं तर परीक्षा तिथंच फसली होती, कारण विचारणाऱ्या एकमेव माणसाला मीच चुकवलं. पण ते तेव्हा डोक्यात आलं नाही.

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगतो. शहरातून दौलताबाद, घाट चढून खुलताबाद, खाली उतरून वेरूळ, तिथून कन्नडच्या दिशेनं. दौलताबादच्या जुन्या दरवाजातून पहाटे एका झटक्यात पार होता येतं, सुट्टीच्या दिवशी दहानंतर तिथं गाड्या अडकून पडतात. कानटोपी आणि हातमोजे घ्याच. मी मोजे विसरलो आणि वेरूळपर्यंत बोटं आपली आहेत की शेजाऱ्याची, हे कळत नव्हतं.

वेरूळला टपरीवर चहा घेतला. शेजारी एक ट्रकवाला कानाला फोन लावून उभा होता. “हां, वेरूळात पोचलो. चाय पी रहा हूँ. हां बाबा, टोपी घातलीय. नाय, बिडी नाय.” हातात बिडी होतीच. फोन ठेवून माझ्याकडं बघत म्हणाला, “दर पन्नास किलोमीटरला हिशेब द्यावा लागतो भाई. बायको हाय का पोलीस चौकी.” मी हसलो. चहा अर्धा टाकून निघालो.

कन्नडच्या अलीकडं पोहे खाल्ले, बरे होते, शेव हात सैल सोडून घालतात. पाण्याच्या दोन बाटल्या तिथंच भरून घ्या, पुढं दुकान नाही. तिथून आत फुटणारा रस्ता दहा-बारा किलोमीटरचा. दोन्ही बाजूंना आद्रकीच्या सऱ्या, मक्याची कणसं रस्त्यातच वाळत घातलेली, त्यामुळं अर्धा रस्ता मक्याचा आणि अर्धा आपला. शेवटचे तीन किलोमीटर कच्चे, नुसती खडी. टू-व्हीलर जाते, चारचाकीला पोटाला दगड लागेल. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. खांबांवर ऑइलपेंटनं बदाम काढणारे लोक हेच वाचून जातात, हे आता मला माहीत झालंय. खरंच जायचं असेल त्यांनी मला विचारावं, मी सांगेन.

डोंगराच्या पायथ्याला सात-आठ घरांची वस्ती आहे. पहिल्याच घराच्या ओट्यावर एक म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. शेवंतामाय तिचं नाव, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. दाराच्या वर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, बाजूला बांधलेल्या चार शेळ्या.

“मावशी, गाडी इथं लावू का?”

“लावा की. जागेला काय तोटा.” तिनं मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. “एकटेच?”

“एकटाच.”

“खांब बघायला?”

“हो.”

“मग ऐका. अर्ध्या चढावर पडेल खांब लागंल, त्याच्यावर गोटा ठिवलाय. वर जाताना एक टोला हाणायचा. खाली आलं की दोन.”

“देवाचं आहे काही?”

“देवाचं कशाचं. माणसाचं हाय.” ती शेंगा सोलता सोलता सांगत होती. “पयले लोकं मध काढायला, डिंकाला, गुरामागं वर जायचे. कोण वर हाय, कोण खाली आलं, कळायला नको? एक वाजला की समजायचं, माणूस वर गेला. दोन वाजले की आला खाली. आम्ही ध्यान ठिवतो.”

“आणि दोन वाजलेच नाहीत तर?”

“मग जावं लागतं वर.”

आतून तिचा नवरा खोकत बाहेर आला. कचरूबाबा. पंचवीस-तीस वर्षं वनखात्यात रोजंदारीवर काम केलेला माणूस, खाकी शर्ट अजून अंगात. “जय भीम,” म्हणाला. मीही जय भीम घातला. किती वेळ लागंल, त्यानं विचारलं. मी म्हटलं, बारा-एकपर्यंत येतो. शेवंतामायनं मध्येच विचारलं, “घरी सांगून आलात ना?”

“हो,” म्हणालो. खोटं बोलायला काही लागत नाही.

चढ सोपा नाही पण अवघडही नाही. साग, धावडा, मधूनच सालईची गुळगुळीत पांढरट खोडं. त्रास आहे तो कुसळाचा. डिसेंबरात गवत वाळून त्याच्या टोकदार काड्या पॅन्टीत, मोज्यात, थेट कातडीत शिरतात. जाड गुडघ्यापर्यंतचे मोजे किंवा पायाला गुंडाळायला जुनं धोतर, काहीही चालेल, पण मोकळे पाय नेऊ नका. वीस-पंचवीस मिनिटांत पडेल खांब लागतो. चांगला दोन पुरुष लांब, काळाभोर, दोन दगडांवर टेकलेला आणि मध्ये पोकळी, म्हणून तो वाजतो. वर्षानुवर्षं टोले खाऊन एका जागी वाटीएवढा खळगा पडलाय आणि त्यात गोटा ठेवलेला.

मी गोटा उचलून मारला. असा खणखणीत आवाज निघाला की माझाच हात झिणझिणला. आवाज दरीत उतरला, समोरच्या कड्याला लागून परत आला. चोवीस वर्षांत हजारो ओतीव तुकडे वाजवले असतील, पण इतका निर्दोष आवाज ऐकला नव्हता. पास, असं मी मोठ्यानं म्हणालो. मग कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून इकडंतिकडं बघितलं. ऐकायला होतं कोण.

वरच्या टप्प्यावर खांबांची भिंत आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथं लाव्हा वाहिला, थराथरानं साचला आणि सावकाश थंड झाला. थंड होताना आक्रसला, आणि तळं आटल्यावर चिखलाला भेगा पडतात तशा त्याला वरून खालपर्यंत भेगा पडल्या. त्यातून हे पाच कोनी, सहा कोनी खांब तयार झाले. एकाला एक चिकटून शेकडो उभे आहेत. एका जागी ते आडवेही आहेत, सरपण रचावं तसे. कडा इतक्या सरळ की मी खिशातली पट्टी काढून एक बाजू मोजली. सवय, दुसरं काय. भिंतीच्या माथ्यावर लालसर मातीचा हातभर पट्टा आहे, तो दोन लाव्ह्यांच्या मधला, म्हणजे एक थर निवल्यावर दुसरा यायच्या आधी गेलेला काळ. काही ठिकाणी खडकाच्या पोकळीत पांढरे बारीक स्फटिक चमकतात. खरवडून नेऊ नका. खांबांच्या मधल्या फटींपासून मात्र जपा, वर पालापाचोळा साचलेला असतो आणि खाली कमरेएवढी खोल फट असते. माझा पाय एकदा गुडघ्यापर्यंत गेला.

तास-दीड तास मी एकटाच त्या भिंतीसमोर बसलो. इतकी शांतता होती की सागाचं पान पडलं तरी मी मागं वळून बघत होतो. एरवी अशा जागी माणूस शेजारच्याला कोपरखळी मारून म्हणतो, ते बघ. माझी दोनदा मान वळली. लग्नानंतर मंजूला मी वेरूळला घेऊन गेलो होतो तेव्हा ती लेण्यांपेक्षा दगडाकडंच जास्त बघत होती. हात फिरवत म्हणाली होती, अहो, हे सगळं एकाच दगडात, चुकलं असतं तर पुसणार कसं. तिला हे खांब आवडले असते. डबा उघडून गार पोळी आणि लोणचं खाल्लं, पण घास काही गोड लागला नाही.

बाराच्या सुमाराला माथ्यावर पोहोचलो. तिथं एका कोपऱ्यात फोनला एक दांडी रेंज येते, फोन हातात धरून फिरत तो कोपरा मी शोधून काढला. फोन किणकिणला. सोसायटीच्या ग्रुपवर टँकर कधी येणार यावर सतरा मेसेज. एका बँकेचं कर्ज घ्या. बस. मंजूचं चॅट उघडलं, शेवटचा मेसेज दीड महिन्यापूर्वीचा, माझाच, ‘भरलं’. मिनिटभर तसाच बघत राहिलो. मग फोन खिशात टाकला.

वाईट वाटलं. उगाच कशाला लपवू, डोळ्यांत पाणी आलं. सगळं वय लोकांच्या कामात चिरा शोधण्यात गेलं आणि आपल्याच घरातला आवाज कधी बद्द झाला ते कळलं नाही, असं काहीसं वाटत होतं. परीक्षेचा निकाल लागला होता. अर्धा दिवस गायब होतो आणि जगाचं कुठंच काही अडलं नव्हतं.

त्याच तंद्रीत मी ते केलं. डोंगराच्या पलीकडच्या बाजूला एक डांबरी रस्ता दिसत होता आणि पायवाट सरळ तिकडं उतरत होती. म्हटलं, आल्या वाटेनं कशाला जायचं, पलीकडं उतरू, काळी-पिवळी जीप पकडून वळसा घालून वस्तीवर येऊ, गाडी घेऊ, जाऊ. आणि हो, ते दोन टोले मला आठवले. विसरलो नव्हतो. म्हातारीला काय, ती शेंगा सोलून झोपली असेल, असं मनात म्हटलं आणि उतरायला लागलो. आपली कुणी वाट बघत नाही, या गोष्टीची इतकी सवय झाली होती मला.

वाट मध्येच संपली. काटेरी झुडपांतून घसरत, कोपर खरचटून, दोन-सव्वादोनला कसाबसा रस्त्याला लागलो. जीप साडेतीननंतर मिळाली, तीही भरल्याशिवाय हलेना. “दोन शिटं अजून, मग उडवतो,” म्हणत ड्रायव्हरनं आणखी पाव तास घालवला. फाट्यावर उतरून कच्चे तीन किलोमीटर चालत आलो तेव्हा पाचला दहा कमी होते.

घराला कडी. शेळ्या ओरडत होत्या, त्यांना दुपारचं पाणी मिळालेलं नव्हतं. शेंगांचं सूप ओट्यावर तसंच. शेजारच्या घरातून एक बाई पदर खोचत बाहेर आली आणि मला बघून जागीच थांबली.

“तुमीच का ते? गाडीवाले?”

“हो. मावशी कुठं गेल्या?”

“तुमालाच धुंडायला गेल्यात दोघंबी. दोन वाजता. दगड वाजला नाय ना तुमचा.”

ऐकलं आणि ओट्यावर बसलो. ती सांगत होती, बाबाला दम्याचा त्रास आहे, दवाखान्यातून परवाच आणलाय, चढ चढू नको असं सांगितलंय. मामीचा, म्हणजे शेवंतामायचा, गुडघा सुजलेला. घरची तरणी माणसं ऊसतोडीला गेलेली. मी म्हटलं, तुम्ही थांबवलं का नाही. ती माझ्याकडं बघतच राहिली.

“थांबवायचं कसं? माणूस वर होता ना.”

वर फोन लागत नाही. हाक जात नाही. सूर्य डोंगराच्या पाठीशी गेलेला, तासाभरात अंधार. मला त्या कमरेएवढ्या फटी आठवत होत्या, वर साचलेला पाला आठवत होता, आणि त्यावरून सुजल्या गुडघ्यानं चालणारी म्हातारी. वीस मिनिटांचा तो चढ मी कसा चढलो सांगता येणार नाही. दोनदा पडलो. पडेल खांबापाशी पोहोचलो तेव्हा श्वास मिळत नव्हता. गोटा उचलला आणि मारले. एक. दोन.

आवाज गेला, परत आला, विरला. मग काहीच नाही. मी तिथं उभा राहून वाट बघत होतो. खरं सांगतो, आयुष्यात मी कुणाची इतकी वाट बघितलेली नाही. सईच्या निकालाच्या दिवशीसुद्धा नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बाबाला वर काही झालं तर, या एका विचारापलीकडं डोकं जात नव्हतं. मग खूप वरून, खांबांच्या बाजूनं, बारीक आवाजात एक हाळी आली. मी ओ दिली. माझा आवाज फाटला.

ती दोघं उतरून येईपर्यंत सहा वाजत आले होते. पुढं शेवंतामाय, काठी टेकत. मागं तिच्या खांद्यावर हात ठेवून कचरूबाबा, छातीचा भाता चाललेला. मला बघून म्हातारा मटकन दगडावर बसला. मी बाटली पुढं केली, तो घोट घोट पाणी प्यायला. शेवंतामायनं माझ्या कोपराचं रक्त बघितलं, पाय बघितले.

“हातपाय शाबूत हायेत ना?”

“मावशी, चुकलं माझं.”

“चुकलंच. दोन टोले हाणायला काय जड होते का?” ती शांतपणे बोलत होती, तेच जास्त लागत होतं. “घड्याळात एक वाजला, दोन वाजले, तुमी नाय. बाबा म्हणला, शहराचा माणूस, फटीत पाय गेला असंल. सगळ्या फटीत काठी घालून बघितलं. तीन तास हाका मारतोय.”

“मी पलीकडं उतरलो होतो. ऐकूच आल्या नाहीत.”

“हाका तरी काय मारायच्या? नाव कुठं ठावं तुमचं.”

तेव्हा कचरूबाबा पहिल्यांदा बोलला. दम घेत घेत. “तुमच्या गाडीवर मागं लिवलंय, सई. म्हणलं, तेच घेऊ. सई, सई म्हणून हाका मारल्या.”

माझ्या गाडीच्या मागच्या नंबरप्लेटवर सईचं नाव आहे. ती पहिलीत असताना लाल अक्षरांत काढून घेतलेलं, प्रत्येक गाडी बदलली तरी पुन्हा काढून घेतो. आमच्याकडं सगळेच लेकराचं नाव घालतात.

“ते माझ्या मुलीचं नाव आहे, बाबा.”

“ते कळत होतं की. पोरीचंच असणार.” त्यानं बाटलीचं झाकण लावून माझ्या हातात दिली. “पर म्हणलं, पोरीचं नाव ऐकून तरी माणूस ओ देईल.”

मी तोंड फिरवून उभा राहिलो. दोघंही उतरायला लागले. मी बाबाचा हात धरला. वस्तीवर येईपर्यंत धरूनच होतो.

मला तसंच जाऊ दिलं नाही. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, उकडलेल्या तुरीच्या शेंगा. मी शेळ्यांना पाणी पाजलं, तेवढंच हातून झालं. सुतकी चेहरा करून बसलेला बघून शेवंतामाय म्हणाली, “आता घरी फोन करून सांगा, निघालो म्हणून. फाट्यावर रेंज येती.”

“मावशी, सकाळी मी खोटं बोललो. घरी कुणाला सांगितलेलं नाही.”

“कोणालाच नाय?”

“नाही. म्हटलं, बघू कोण विचारतं.”

ती भाकरी थापता थापता थांबली. तिला खरंच कळत नव्हतं. “मंग त्यांनी तुमाला धुंडायचं कुठं?” असं म्हणाली आणि पुन्हा थापायला लागली.

आता कामाचं. जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात खांब शेवाळतात, उन्हाळ्यात दगड तापतो आणि गवत पेटायची भीती असते. माणशी दोन लिटर पाणी. गाडी वस्तीवर लावा, आल्या वाटेनंच उतरा, पलीकडची वाट नाहीच असं समजा. खालच्या गावातल्या वनरक्षकाला विचारून वर जा. शेवंतामायकडं आधी सांगितलं तर जेवण करून देते, ते तिच्याच हातात पैसे देऊन खा. मला तिनं देऊ दिले नाहीत, मला तोंडही नव्हतं. आणि जाताना एक, आल्यावर दोन. गंमत म्हणून जास्तीचा टोला मारू नका, खाली कुणीतरी ध्यान ठेवून बसलेलं असतं. एकटे असाल तर आपलं नाव सांगून वर जा.

रात्री साडेनऊला उस्मानपुऱ्यात पोहोचलो. दिवा लावला, मोज्यांतली कुसळं उपटत सोफ्यावर बसलो. त्या दोघांना ‘पोहोचलो’ हे कळवायचं होतं, पण वस्तीवर फोन लागत नाही. फिटरला फोन केला, त्याचा चुलता खालच्या गावात असतो, सकाळी निरोप देईल म्हणाला. मग बराच वेळ फोन हातात धरून बसलो आणि मंजूला लावला.

“काय झालं?” तिचा पहिला शब्द. आमच्यात फोन आला म्हणजे काहीतरी झालेलंच असणार, अशी वेळ आली होती.

मी सगळं सांगितलं. डोंगर, खांब, टोले, म्हातारा. परीक्षेचंही सांगितलं, तुम्ही विचारता का ते बघायचं होतं म्हणून.

“सईच्या नावानं हाका मारल्या त्यांनी?”

“हो. तीन तास.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “पहाटे पाच अठराला दिसलात तुम्ही.”

“काय?”

“लास्ट सीन. पाच अठरा. रविवारी एवढ्या लवकर कधी नसता. एरवी साडेसातला बघता, ते आज नाही. बाराला एक मिनिट ऑनलाइन आलात. मग दिवसभर काहीच नाही. मी रोज बघते. उठल्यावर आणि झोपताना. दिसलं की बरं वाटतं. म्हणते, आहेत, ठीक आहेत.”

मी त्या माथ्यावर उभा राहून तिचं चॅट बघत होतो, तेव्हा ती तिकडून मला बघत होती. मला राग आला, खोटं कशाला बोलू. “मग एक मेसेज करायला काय झालं होतं तुला?”

“तुम्ही तरी कुठं केलात?”

पुण्यात तिच्या मागं कुकरची शिट्टी झाली.

“जेवलात का?”

“तिथंच खाल्लं.”

“कोपराला काहीतरी लावा. ठेवते, सईला वाढायचंय.”

फोन ठेवल्यावर मी तिचं चॅट उघडलं. काय लिहावं सुचेना, म्हणून काहीच लिहिलं नाही. तिच्या नावाखाली ऑनलाइन दिसत होतं. मीही फोन बंद न करता तसाच ऑनलाइन बसून राहिलो.